डागाला आधी विचारायचं

बाईंच्या घरी खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी आधी माझे हात बघितले. मी तळहात पुढे केले, तर त्यांनी ते झटकन पालथे केले, कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला आणि बोटांच्या पेरांपासून कोपरापर्यंत नजर फिरवली.

"रोवणीला जातेस?"

"जाते जी, धानाच्या बांधीत."

"पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून?"

"नाही. अर्ध्या बाह्यांचा."

"मग चाळिशीत मला शिव्या देशील, की बाईंनी सांगितलं नाही म्हणून. घे, आज सांगितलं. पूर्ण बाह्या. खोली मागे आहे, दुपारी कडुनिंबाची सावली पडते. सामान कधी आणतेस?"

खोली अशी मिळाली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. लाखनीत कोणी ओळखीचं नव्हतं. बाबा सोबत आले होते, ते दारातच उभे राहून विचारत होते, "बाई, पोरगी एकटी राहील, नीट राहील न जी?" बाईंनी त्यांचेही हात पालथे करून बघितले. परत जाताना बाबा मला हळूच म्हणाले, "बाई जोतिषी हायेत का वो?"

ज्योतिषी नव्हत्या. प्राथमिक शाळेच्या शिक्षिका होत्या, निवृत्त झालेल्या. मिस्टर जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा बाहेरगावी नोकरीला. घरात त्या एकट्या आणि त्यांच्या हातांवरचे डाग. डागांना मी माणसांत धरते आहे, कारण त्याही धरायच्या.

नोकरीत त्यांच्या बदल्या फार झाल्या. लहान गाडीवरून, हँडलवर हात ठेवून, त्या उन्हातान्हात शाळा करत राहिल्या. पन्नाशी ओलांडल्यावर हातांच्या पाठीवर एकेक तपकिरी डाग उठायला लागला. बाईंनी प्रत्येकाला गावाचं नाव दिलं. उजव्या अंगठ्यामागचा मोठा, कडा फाटलेला, तो सिहोरा. त्याच्याखालचे दोन जोडीने असलेले म्हणजे तिथल्याच दोन वाड्या. डाव्या मनगटाजवळचा गोल, तो सानगडी. सकाळी चहा घेता घेता त्या हाताकडे बघून बोलायच्या. "सानगडी जरा फिकी पडली बघ. हा सिहोरा मात्र हटत नाही. तेव्हाही मला असाच त्रास दिला याने, पावसाळ्यात पूल बुडायचा."

मी सुरुवातीला घाबरले होते, खोटं कशाला सांगू. मग सवय झाली. मग मीही विचारायला लागले, "बाई, आज सिहोऱ्याचं काय?"

डाग घालवण्यापेक्षा नवा न येऊ देणं महत्त्वाचं, हे त्यांचं पहिलं सूत्र. ते त्या अशा काही चिकाटीने पाळायच्या की सगळी लाखनी त्यांना ओळखून होती. घरून बाजारात जायला दहा मिनिटं लागतात. बाईंना अर्धा तास लागायचा, कारण त्या रस्त्याने जात नसत, सावलीने जात. शाळेच्या भिंतीची सावली कुठपर्यंत येते, चिंचेची कधी आखडते, कापडवाल्याच्या ताडपत्रीची कधी रस्त्यावर उतरते, हे सगळं त्यांना पाठ. एका सावलीतून दुसरीत जाताना मधल्या उन्हाच्या पट्ट्यात त्या छत्री उघडून अक्षरशः पळायच्या. लोक हसायचे. पानठेल्यावरचा एकजण रोज म्हणायचा, "बाई, नदी पार केली का?" बाई पळता पळता उत्तर द्यायच्या, "पोहता येत नाही न रे बापा!"

महामार्गावर उड्डाणपूल झाला तेव्हा दुकानदार हळहळत होते, ट्रक आता वरच्या वर निघून जातील म्हणून. साऱ्या गावात बाई एकट्या खूश होत्या. पुलाखालून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जाऊन आल्या आणि मला म्हणाल्या, "इतकी लांब सावली सरकारने फुकट बांधून दिली. कोणी आभार मानले का?"

घरातही तेच. अंगणात एक बाज होती. सावली सरकली की बाज सरकायची. मी पुस्तक घेऊन बसलेली असायची, बाई तांदूळ निवडत असायच्या, आणि वाक्य अर्धवट सोडून त्या उठायच्या. "उचल तिकडून." मी एक बाजू उचलायची, त्या दुसरी. कडुनिंबाखाली सुरू झालेली गोष्ट संपेपर्यंत आम्ही न्हाणीच्या भिंतीपाशी पोचलेल्या असायचो. माझा पदवीचा अर्धा अभ्यास त्या चालत्या बाजेवर झाला. वाचलेलं डोक्यात ठरत नाही, अशी तक्रार मी एकदा केली, तर म्हणाल्या, "ठरायला कायले पाहिजे? पुढे सरकलं पाहिजे."

स्वयंपाकघराच्या खिडकीत झाकलेल्या वाट्या असायच्या. एकीत दह्यात भिजवलेली मसुरीची डाळ. एकीत कच्च्या बटाट्याचा रस. एकीत ताक. कोरफड दारातच कुंडीत होती, तिचं पान तोडून गर ताजा काढायचा, साठवायचा नाही. सिहोऱ्याला मसूर, सानगडीला कोरफड, आणि एका डागाला मुद्दाम काहीच लावायचं नाही. का, तर बाकीचे खरंच फिके पडतात की आपल्यालाच तसं वाटतं, हे कळायला एक जण कोरा पाहिजे. त्या कोऱ्या डागाची मला उगीच कीव यायची. बाई म्हणायच्या, "त्याच्याच भरवशावर तर सगळं चाललं आहे."

घासायचं नाही. लावून, थोडं वाळलं की पाण्याने सोडवायचं. आठ दिवसांत फरक मागायचा नाही. चेहऱ्याला लावायच्या आधी कोपराच्या आत लावून बघायचं, खाजलं तर सोडून द्यायचं. हे सगळं त्या शेजारणींना ओळीने उभं करून सांगायच्या, आणि शेजारणी ते ऐकून जाऊन स्वतःच्या मनाचं करायच्या. एकीने रानातून आणलेला बिब्बा गालावरच्या वांगावर लावला. वांग म्हणजे उन्हाने आणि वयाने येतात ते काळसर पट्टे, आमच्याकडे रोवणी करणाऱ्या बहुतेक बायांच्या गालावर असतात. बिब्ब्याने तिचा गाल भाजला, फोड आले. ती पदराने तोंड झाकून बाईंकडे आली.

"काहून लावला?" बाई ओरडल्या.

"रानातलाच तं हाये जी. तुमीच म्हणता, रानातलं, घरातलं लावा."

"रानात वाघही असते! त्याले लावशील का गालाले?"

ती रडता रडता हसली. बाईंनी तिला स्वतः दवाखान्यात नेलं, अर्थात सावली-सावलीने, आणि ती बिचारी भाजलेला गाल धरून मागे मागे प्रत्येक भिंतीला वळसा घालत होती.

चूक बाईंचीही झाली. एकदा सकाळी सिहोऱ्यावर लिंबाचा रस चोळला आणि बँकेतून बोलावणं आलं म्हणून तशाच निघाल्या. घाईत छत्री राहिली. संध्याकाळपर्यंत सिहोरा लाल झाला आणि नंतर आधीपेक्षा काळा. पुढे कितीतरी दिवस त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला हात दाखवून सांगत होत्या, "लिंबू आणि ऊन यांची सोयरीक करायची नाही. मी केली, बघा." दुसऱ्या कोणाची चूक असती तर इतक्या उत्साहाने सांगितली नसती.

त्यांना गोरं व्हायचं होतं, असं काहींना वाटायचं. औषधाच्या दुकानातल्या पोराने एकदा गोरं करणारी ट्यूब पुढे केली. बाईंनी ती उलटीपालटी करून वाचली आणि परत दिली. "मी काळी आहे. माझी आई काळी होती. काळा रंग माझा आहे, बापा. डाग सरकारचे आहेत. मला फक्त सरकारचं परत करायचं आहे."

माझी आई त्यांच्याकडे पहिल्यांदा आली ती दिवाळीनंतर, नव्या तांदळाची पिशवी घेऊन. आई आमच्या गावच्या शाळेत पोषण आहार रांधते. सानगडीच्या पुढे आमचं गाव. तिच्यासोबत आणखी एक बाई आहे, तिला आई जोडीदारीण म्हणते. दोघी मिळून खिचडी, वरण, उसळ करतात. आईला लिहिता-वाचता फार येत नाही. पण गावात कोणतंही पोर तिला रस्त्यात दिसलं की "खिचडीवाली माय" म्हणून हाक मारायचं, आणि ती हाक ऐकली की तिची मान जरा ताठ व्हायची. लग्नाला आलेल्या पाहुण्यांनाही ती सांगायची, "शाळेतली सारी लेकरं माह्या हातचं खातेत." तिच्याकडे मिरवायला तेवढी एकच गोष्ट होती.

बाईंनी तिचे हात बघितले आणि त्यांचा चेहरा एखाद्या दुर्मीळ वस्तूपुढे व्हावा तसा झाला. आईच्या हातांवर, गालांवर, मानेवर वांग होते, डाग होते. सुट्टीच्या दिवशी ती रोवणीला जायची.

"किती वर्षं जातेस रोवणीला?"

"लुगडं नेसाले लागली तवापासून."

"दहा ते चार उन्हात जायचं नाही."

आई हसत सुटली. "मंग धानाचे पऱ्हे का रातच्यानं लावू जी? बांधीत चिखल हाये, सावली कोटची?"

पुस्तकातलं उत्तर इथे चालणार नव्हतं. बाई अंगणात फेऱ्या मारायला लागल्या. मग आत जाऊन मिस्टरांचे जुने पूर्ण बाह्यांचे शर्ट घेऊन आल्या, जुन्या पायमोज्यांची बोटं कापून हातमोजे केले, रुमाल कसा बांधला म्हणजे गाल झाकतात आणि श्वासही घेता येतो ते करून दाखवलं. आई पुढच्या पावसाळ्यात तो सगळा पोशाख घालून बांधीत उतरली. सोबतच्या बाया म्हणाल्या, "का वो, दरोडा टाकाले चालली का?" तिसऱ्या दिवशी दोघींनी तिच्याकडे शर्ट मागितला.

मसुरीचा लेप आईला भलताच आवडला. भांडी घासून झाली की लावायची. फोनवर मला म्हणायची, "बाईले सांग, गालावरचे पातळ होऊन राहिले." मी बाईंना सांगितलं की त्या दिवसभर खूश. मग थंडीत एकदा म्हणाली, "दंडावरचा एक मात्र आयकत नाई. सहा महिने झाले लेप लावून राहिली." मी तेही सांगितलं. बाई म्हणाल्या, "एखादा हट्टी असतो. माझा सिहोरा नाही का?"

संक्रांतीच्या सुमारास आई पुन्हा आली. दुपारची वेळ, बाज भिंतीच्या कडेला. बाईंनी तिला बसवलं, गाल बघितले, हात बघितले, समाधानाने मान हलवली. "आता तो हट्टी दाखव."

आईने पोलक्याची बाही वर सरकवली. दंडावर, कोपराच्या जरा वर, रुपयाएवढा डाग होता. मी तो पहिल्यांदा नीट बघत होते. बाकीचे डाग तपकिरी होते. हा फिका होता, किंचित तांबूस, आणि त्यावरची लव गेली होती.

बाई उठल्या. आत गेल्या, देवापाशी ठेवलेली कापसाची वात घेऊन आल्या, तिचं टोक बोटांत चोळून सुटं केलं.

"डोळे मिट. मी शिवते, तू बोटाने दाखव कुठे ते."

आईला खेळ वाटला. तिने डोळे मिटले. बाईंनी गालाला वात लावली. आईने गालावर बोट ठेवलं. मनगटाला लावली. मनगट. मानेला लावली, आई गुदगुल्यांनी खांदे उडवून हसली. मग बाईंनी ती वात दंडावरच्या डागावर ठेवली. हळूच फिरवली. पुन्हा फिरवली.

आई डोळे मिटून हसऱ्या चेहऱ्याने बसली होती.

"लावा न जी बाई," ती म्हणाली. "वाट पाहून राहिली मी."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी वातीकडे बघत होते. वात आईच्या दंडावरच होती.

त्यांच्या शाळेत दरवर्षी तपासणीला पथक यायचं, पोरांना ओळीत बसवून अंगावरचे चट्टे बघितले जायचे. बाईंनी ते कितीदा बघितलं असेल. आमच्याकडे 'चट्टा' म्हटलं की माणसं आवाज खाली करतात. वांग असला की चारचौघीत थट्टा होते, चट्टा असला की ताट वेगळं होतं. बाईंनी तो शब्द उच्चारलाच नाही. "हा वांग नाही," एवढंच म्हणाल्या. आईने डोळे उघडले. वात कुठे आहे ते तिने बघितलं. तिला कळलं. तिने बाही खाली ओढली आणि पहिलं वाक्य बोलली ते असं, "मंग माह्या हातची खिचडी कोण खाईल?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई आम्हाला दवाखान्यात घेऊन गेल्या. डॉक्टर तरुण होते. त्यांनी सगळं तपासलं, हातापायांची ताकद बघितली, आणि निदान तेच सांगितलं, कुष्ठरोग. लवकर आलात, म्हणाले. गोळ्या इथेच मिळतील, न चुकता घ्या, पूर्ण बरं होतं. गोळ्या सुरू झाल्या की तुमच्यापासून कोणाला काही होत नाही. आईने खिचडीचं विचारलं. "रांधा की," ते म्हणाले. "हात गरम भांड्यापासून जपा, एवढंच." आईने ते माझ्याकडून तीनदा वदवून घेतलं.

घरी आल्यावर बाईंनी खिडकीतल्या सगळ्या वाट्या धुऊन पालथ्या घातल्या. मी म्हटलं, "बाई, तुमच्या लेपाने काही बिघडलं नाही. डॉक्टर म्हणाले न."

"सहा महिने," त्या म्हणाल्या. "सहा महिने ती त्याच्यावर डाळ थापत होती, आणि मी त्याला हट्टी म्हणत होते." त्या आठवड्यात त्यांनी बाज एकाच जागी ठेवली होती, ऊन तिच्यावरून जायचं, त्या मात्र अंगणभर फिरत राहायच्या. काही दिवसांनी वाट्या पुन्हा खिडकीत आल्या. पण त्यानंतर कोणी शेजारीण डाग दाखवायला आली की तिला मसूर, कोरफड यांच्याआधी डोळे मिटायला लावायच्या. "डागाला आधी विचारायचं," म्हणायच्या. "तो बोलला तर माझ्याकडे ये. नाही बोलला तर दवाखान्यात जा."

आईची गोष्ट गावात फार दिवस लपली नाही. आरोग्य कर्मचारी घरच्या इतरांना तपासायला आला, एवढं पुरलं. कोणी भांडलं नाही, कोणी काही तोंडावर बोललं नाही. पोरांच्या दप्तरांत डबे यायला लागले, बस. खिचडीचं पातेलं जसं चुलीवरून उतरायचं तसंच भरलेलं राहायचं. संध्याकाळी जोडीदारीण ते गाईम्हशींना घालायची. ती आईशी बोलायची, पण आईने ढवळलेल्या भातातला घास तिनेही घेणं सोडलं होतं. मुख्याध्यापक भले माणूस. ते आईला म्हणाले, "काकू, माझं काही नाही. पण समितीची बैठक आहे महिनाअखेरीस. पालक म्हणतात, थोडे दिवस आराम करा." थोडे दिवस म्हणजे किती, हे आईला माहीत होतं. एकदा पातेल्यापासून उठवलेल्या बाईला परत बसवत नाहीत.

मी दर दोन-तीन दिवसांनी गावी जायची, परत यायची. परीक्षा जवळ आली होती. बसमध्ये पुस्तक उघडायची आणि तेच पान घेऊन उतरायची. एका सकाळी आईचा फोन आला. ती रडत नव्हती. म्हणाली, "बाईले विचार, मीच सोडून देऊ का? काढाच्या पयले?"

मी ते बाईंना सांगितलं. त्या चहा गाळत होत्या. गाळणी तशीच ठेवून त्यांनी चपला घातल्या.

"शाळेत जेवण किती वाजता असतं?"

"बारा-साडेबारा. बाई, पण ती उन्हाची..."

"मला घड्याळ शिकवू नको. चल."

लाखनीहून साकोली, साकोलीहून सानगडी, तिथून काळीपिवळी जीपमध्ये दाटीने बसून गावाच्या फाट्यावर. पुढे तलावाच्या पाळीवरून चालायचं. मार्च सुरू झाला होता, पाळीवर एकही झाड नाही. बाई छत्रीखाली तोंड आवळून चालत होत्या, कोणाशी तरी भांडायला निघाल्यासारख्या. मला वाटलं, आता शाळेत जाऊन भाषण करतील, मुख्याध्यापकांना झापतील. मी मनातल्या मनात माफीची वाक्यं तयार करत होते.

त्यांनी तसं काही केलं नाही. व्हरांड्यात पोरं ओळीने आपापले डबे उघडून बसली होती. मुख्याध्यापक बाईंना नोकरीपासून ओळखायचे, ते लगबगीने आले, "मॅडम! तुम्ही? खुर्ची आणा रे..."

"खुर्ची नको. जेवायला आले." पिशवीतून त्यांनी घरून आणलेली थाळी काढली आणि चौथीच्या पोरींच्या ओळीत मांडी घालून बसल्या. मग पातेल्याकडे बघून आवाज दिला, "काय वो, वाढतेस का? की मला डबा आणायला पाहिजे होता?"

आई डाव घेऊन आली. डाव उलटा केला तर अर्धी खिचडी थाळीत आणि अर्धी सतरंजीवर पडली.

"सांडते काहून? मी तपासणीला थोडीच आली."

"नाई जी," आई म्हणाली.

बाई जेवल्या. सगळी पोरं डबे सोडून बघत होती. बाईंनी पुन्हा मागितली. जेवण झाल्यावर म्हणाल्या, "मीठ कमी आहे. हळद जास्त आहे. उद्या येते." मुख्याध्यापकांना नमस्कार केला आणि निघाल्या. मी मागे धावले.

"बाई, उद्या परत?"

"एका दिवसाने काय होते? लेप एकदाच लावते का कोणी?"

त्या दुसऱ्या दिवशी गेल्या. तिसऱ्या दिवशीही गेल्या. माझी परीक्षा सुरू झाली म्हणून मला सोबत येऊ दिलं नाही, एकट्याच जायच्या, घामाघूम होऊन परत यायच्या, आणि मला विचारायच्या, "पेपर कसा गेला?" शाळेचं त्या सांगत नसत, ते मला आईकडून फोनवर कळायचं. जोडीदारीण एक दिवस बाईंच्या शेजारी येऊन बसली. "मले बी वाढ वो," म्हणाली, "कवापासून कोरडी भाकर चावून राहिली." मग एका पोरीने डब्यातली भाजी संपल्यावर नुसती खिचडी मागून घेतली. मग तिच्या शेजारणीने. मुख्याध्यापकांनी बाईंच्या समोर बसून दोन घास खाल्ले आणि ते घाबरत खाल्ले, असं आईने सांगितलं. पण खाल्ले. काही घरांनी डबे चालूच ठेवले. एका पालकाने शाळेत येऊन आवाज चढवला, तेव्हा बाईंनी त्यांना बसायला सांगितलं आणि खिचडी पुढे केली. ते बसले नाहीत, पण पुन्हा आलेही नाहीत.

बैठकीच्या आदल्या दिवशी साकोलीच्या रस्त्यावर बस बंद पडली. बाई दोन तास थांबल्या. दुसरी गाडी मिळेना. शाळेची वेळ टळली तेव्हा त्या परत आल्या. मी पेपर देऊन घरी आले तर त्या दारात उभ्या होत्या, पदर खोचलेला, चेहरा उतरलेला.

"आज खाडा झाला," त्या म्हणाल्या. "उद्या बैठक, आणि आज पातेलं भरलेलं राहिलं असणार. नेमकं आजच! फोन कर. नको, थांब. तिला काय वाटेल? बाईंनीही पाठ फिरवली, असं वाटेल. कर फोन. कर."

मी फोन लावला. आईने तो खूप वेळाने उचलला, मागे भांड्यांचा आवाज होता. मी विचारलं, "मा, आज जेवण..."

"सरलं वो," आई म्हणाली. "पातेलं खरवडून खाल्लं पोट्ट्यायनं. मले अना जोडीदारणीले उरलंच नाई."

"बाई येऊ शकल्या नाहीत आज. बस बंद पडली."

"हाव का? आल्या नाईत का बाई?" आई म्हणाली. "मले तं वाढता वाढता ध्यानातच आलं नाई."

मी फोन ठेवला आणि सगळं बाईंना सांगितलं. त्यांनी मला पुन्हा सांगायला लावलं.

"कोणी विचारलं नाही? बाई कुठे गेल्या म्हणून?"

"नाही बाई."

"पोरींनी? मी रोज त्यांच्या ओळीत बसते."

"कोणीच नाही."

"तुझ्या आईनेही?"

"तिच्याही ध्यानात आलं नाही."

बाईंनी कमरेला खोचलेला पदर सोडला, त्याने तोंड पुसलं.

"बेइमान पोट्टे," त्या म्हणाल्या. इतक्या आनंदाने कोणी कोणाला शिवी दिलेली मी अजून ऐकलेली नाही.